न गेलेली बायको

रविवारच्या उपासनेत संदेष्ट्यांनी फ्रिजवाल्याला उभं केलं आणि भर सभेत जाहीर केलं, की तुझी रुसून गेलेली बायको येत्या रविवारच्या आत घरी परत येईल. हॉलमध्ये हालेलुयाचा एकच गजर झाला. फ्रिजवाल्याची बायको त्या वेळी बायकांच्या बाजूला बसली होती आणि इतरांबरोबर तीही सवयीनं टाळ्या वाजवत होती. हे आपल्याबद्दल चाललंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिचे हात हवेतच थांबले.

झालं होतं असं. ही ख्रिस्ती मंडळी भरायची टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये, आणि तिथल्या एसीची देखभाल फ्रिजवाल्याकडे होती. फ्रिजवाला कामाला वाईट नव्हता, पण 'हो' म्हणायला फारच चांगला होता. कुणी काही सांगितलं की 'हो, करतो' हे शब्द आधी तोंडातून बाहेर पडायचे, डोकं मागाहून सावकाश यायचं. एसी गळतोय म्हणून त्याला कितीदा सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो हो म्हणाला होता. ते पाणी टपकायचं नेमकं रंगाऱ्याच्या खुर्चीवर. रंगारी म्हणजे घरांना रंग देणारा एक उंच, अबोल गृहस्थ. त्याची बायको भांडून माहेरी गेली होती, आणि डोक्यावर थेंब झेलत तो दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना करायचा. त्या दिवशी गळती फारच वाढली तेव्हा फ्रिजवाल्याला लाज वाटली. "तू माझ्या जागेवर बस बाबा, माझ्या कर्माची फळं मीच भोगतो," असं म्हणून तो रुमाल डोक्यावर टाकून रंगाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

इथेच माशी शिंकली. या मंडळीत ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. उपासनेआधी पाळकीणबाई, म्हणजे संदेष्ट्यांच्या पत्नी, दाराशी उभ्या राहून एकेकाची विचारपूस करायच्या. गुडघा कसा आहे, सून बोलते का, बायकोचा काही निरोप? मग त्या आत जाऊन नवऱ्याला काय सांगायच्या हे कुणी कानानं ऐकलं नव्हतं. पण दाराशी सांगितलेली गोष्ट उपासना संपायच्या आत स्वर्गातून खाली यायची, एवढं खरं. देवालाही कुणीतरी सांगावं लागतंच की! आता व्यासपीठावरचे दिवे असे, की संदेष्ट्यांना समोर नुसत्या सावल्या दिसायच्या. सावलीला चेहरा नसतो, खुर्ची मात्र असते.

"घे हा शब्द! आमेन म्हण!" संदेष्टे गरजले.

आणि फ्रिजवाला काय म्हणाला? आमेन म्हणाला. नंतर त्याला वाटलं की आपण निदान 'कोण गेलंय?' असं तरी विचारायला हवं होतं. पण तोवर बायकोनं पर्स उचलली होती.

उपासना सुटल्यावर त्यानं मंडळीच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. सेक्रेटरी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. समोरचा कितीही घाबरलेला असो, यांचा आवाज चढायचा नाही. पाय कायम न दिसणाऱ्या ब्रेकवर.

"साहेब, काहीतरी घोटाळा झालाय."

"घोटाळा? संदेष्ट्यांच्या तोंडून?"

"तसं नाही हो. पण माझी बायको घरीच असते. ती बघा, खाली स्कूटरपाशी उभी आहे."

सेक्रेटरींनी खाली वाकून पाहिलं. "सध्या उभी आहे," ते म्हणाले.

"सध्या म्हणजे? लग्नापासून उभी आहे!"

"ब्रदर, शब्द आला की तो पूर्ण होतो. कसा होतो ते आपण विचारायचं नाही."

तेवढ्यात रंगारी आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तो शब्द माझा होता," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीवर आला होता. मी फक्त बाजूला सरकलो होतो. मला माझा शब्द परत द्या."

"शब्द खुर्ची बघून येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग काय बघून येतो?"

या प्रश्नाला सेक्रेटरींकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते दिलं असतं तर टायरच्या गोदामावरची अख्खी मंडळीच खाली आली असती. त्यांनी रंगाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि देवाच्या माणसाकडे बोट दाखवणाऱ्याचं काय होतं याची आठवण करून दिली. रंगारी जिना उतरून निघून गेला, आणि पुढच्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी होती.

खरी अडचण वेगळीच होती. येत्या रविवारी बाहेरून मोठे पाहुणे येणार होते आणि संदेष्ट्यांना त्याहून वरच्या प्रेषितपदाचा अभिषेक करणार होते. त्या पाहुण्यांसमोर ताजी साक्ष, म्हणजे चमत्कार आपल्याला घडला असं उभं राहून सांगणारं कुणीतरी, हवं होतं. जुन्या साक्षी फार वेळा वापरून झाल्या होत्या, आणि काहींची माणसं आता साक्ष द्यायच्या अवस्थेत नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी फ्रिजवाल्याच्या घरी आले. चहा घेतला, घर छान ठेवलंय म्हणाले, मग घसा साफ करून म्हणाले, "ताई, दोन-चार दिवस बहिणीकडे जाऊन या ना."

"का? तिला काय झालं?"

"तिला काही नाही. तुम्ही गेलात, की तुम्हाला परत येता येईल."

फ्रिजवाल्याची बायको हुशार होती. बोलणं पुरतं समजायला तिला वेळ लागला नाही, विश्वास बसायला मात्र लागला. "म्हणजे ते चुकले, म्हणून मी घर सोडायचं?"

"चुकले कुठे? तुम्ही फक्त अजून निघाला नाहीत."

"आणि ते 'रुसून' म्हणाले होते. मग मी रुसायचं पण का?"

"थोडंसं," सेक्रेटरी म्हणाले. "लोकांना खोटं वाटायला नको."

"कशावरून रुसू?"

"आता नवरा-बायकोला कारण का लागतं, ताई?"

ती नवऱ्याकडे वळली. आता हा काहीतरी बोलेल, असं तिला खरंच वाटलं होतं. भोळी बिचारी! इतक्या वर्षांचा संसार करूनही माणूस ऐन वेळी कशी आशा धरून बसतो बघा. फ्रिजवाला कपाकडे बघत म्हणाला, "जाऊन ये ना. तेवढाच तुलाही बदल."

"म्हणजे तुम्हाला चालेल?"

"चालेल म्हणजे... देवाचं काम आहे."

"देवाचं? शिंपीणबाईच्या वेळी कुणाचं काम होतं हो?"

शिंपीणबाई ही तिची मैत्रीण. साखरेचा आजार होता. गेल्या वर्षी संदेष्ट्यांनी तिला भर सभेत बरं केलं आणि औषधं सोडायला लावली. तिनं सोडली. मग एक जखम चिघळली आणि डॉक्टरांना पाय कापावा लागला. मंडळीनं बैठक घेतली. बैठकीत ठरलं, की शिंपीणबाईचा विश्वास कमी पडला. आणि मंडळीचीही काही जबाबदारी असते म्हणून जिन्याला कठडा बसवण्यात आला.

"तिला कुणी विचारलं नाही, आज मलाही कुणी विचारत नाही," बायको म्हणाली. "आणि तुम्ही! मी समोर बसलेली असताना 'आमेन' म्हणालात! मी मेले असं त्यांनी सांगितलं असतं, तर चार माणसं जमवून मोकळे झाला असता तुम्ही."

"काहीतरीच काय बोलतेस? सेक्रेटरीसाहेबांसमोर तरी..."

"साहेबांसमोर जिभेला बरोबर लगाम लागतो! त्या दिवशी संदेष्ट्यांसमोर एवढंसं वाक्य बोलता आलं नाही, की ती बघा माझी बायको, बसलीय तिथे?"

"छान, छान," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "असंच चालू द्या."

खोटं खोटं भांडायचं ठरलं होतं, ते खरंच जुंपलं. मग फ्रिजवाल्यालाही जोर चढला. माझ्या कामाची तुला कधी किंमत नव्हती, तुझी बहीण मला कधी माणसात धरत नाही, असे जुने मुद्दे त्यानं बाहेर काढले. एकही मुद्दा चालू विषयाचा नव्हता. बायकोनं बॅग काढली, साड्या कोंबल्या आणि जाताना गॅस बंद करून गेली. त्या बंद गॅसकडे फ्रिजवाला बघतच राहिला. पण सेक्रेटरी समाधानानं उठले. "शनिवारपर्यंत येतील. आमच्याकडे शिकणारे पहिल्या दिवशी असेच गाडी बंद पाडतात," ते म्हणाले.

पुढचे दिवस फ्रिजवाल्यानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. दुनियेचे फ्रिज नीट करणारा माणूस, घरचा फ्रिज उघडून नुसता उजेडात उभा राहायचा. घरात इतकी शांतता असते हे त्याला माहीत नव्हतं. शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला तरी त्याला बरं वाटायचं. बुधवारी त्यानं फोन केला. तो मेव्हणीनं उचलला.

"भाऊजी, ताई विचारतेय, भविष्यवाणीत फोनचं काही आहे का?"

"अगं, तिला दे ना जरा."

"ती म्हणतेय, मी रुसलेय. नीट रुसू द्या. लोकांना खोटं वाटायला नको."

फोन बंद झाला. फ्रिजवाल्याला रडू आलं, आणि रडताना त्याच्या मनात आलं की आत्ताच्या आत्ता स्कूटर काढावी, जावं, पाय धरावेत आणि घेऊन यावं तिला. पण सेक्रेटरींनी बजावलं होतं, की तुम्ही आणायला गेलात तर ते माणसाचं काम झालं, देवाचं नाही. फ्रिजवाला त्यालाही हो म्हणाला होता. शनिवार आला, तो दिवसभर दाराकडे कान लावून बसला, आणि शनिवार गेला.

रविवारी हॉल खचाखच भरला होता. पाहुणे सोफ्यावर बसले होते. कोपऱ्यात कॅमेरा लावला होता, कारण ही मंडळी उपासना फोनवरूनही दाखवत असे. आजारी, म्हातारी, आणि शिंपीणबाईसारखी जिना चढू न शकणारी माणसं घरून बघायची. एसी मात्र फ्रिजवाल्यानं अखेर दुरुस्त केला होता. रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून का होईना, एक काम मार्गी लागलं होतं.

तो सेक्रेटरींच्या कानाशी लागला. "साहेब, ती आली नाही."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "येतेय असं मनात धरा," ते म्हणाले. "विश्वासानं बोलायचं असतं, ब्रदर. आधी बोलायचं, मग दिसतं."

संदेष्ट्यांनी त्याला पुढे बोलावलं, खांद्यावर हात टाकला, आणि त्याच्या तोंडासमोर माईक धरला. हात प्रेमाचा होता, पण वजनदार होता. "या भावाची बायको याला सोडून गेली होती. मागच्या रविवारी देवानं शब्द दिला. सांग भावा! आली की नाही?"

फ्रिजवाल्यानं समोर पाहिलं, तर दिव्यांमुळे त्यालाही सगळ्या सावल्याच दिसल्या. खरं सांगायला एक शब्द पुरे होता, 'नाही'. पण हा शब्द त्यानं आयुष्यात इतक्या कमी वेळा उच्चारला होता, की ऐन वेळी तो सापडेना.

"आली," तो म्हणाला.

छप्पर उडेल असा जल्लोष झाला. इथे थांबला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण माईक तोंडासमोरून हलेना, पाहुणे मान डोलवत होते, आणि जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं त्याचं ऐकत होती.

"कधी आली?" संदेष्ट्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळी. दारात उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं," तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याला ती खरंच दिसायला लागली. आठवडाभर दाराकडे बघून बघून डोळ्यांत साठलेलंच ते चित्र होतं. "म्हणाली, माझं चुकलं. म्हणाली, घर सोडायला नको होतं मी. मग आम्ही दोघांनी मिळून चहा घेतला."

बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. पाहुण्यांपैकी एक जण सोफ्यावरून खाली उतरून गुडघ्यांवर बसला. त्यानंतर संदेष्ट्यांचे प्रेषित झाले, आणि फ्रिजवाल्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली.

उपासना संपल्यावर त्यानं पुन्हा सेक्रेटरींना गाठलं. "साहेब, आता माझ्याबरोबर चला. तुम्हीच तिला पाठवलंत, तुम्हीच चार शब्द सांगा. मी एकटा गेलो तर ती यायची नाही."

"कोण यायची नाही?"

"माझी बायको!"

"ब्रदर," सेक्रेटरी अगदी मायेनं म्हणाले, "ती काल संध्याकाळी आली. मी स्वतः ऐकलंय. आलेल्या बाईला आणायला मी बहिणीकडे गेलो तर लोक काय म्हणतील?"

फ्रिजवाला तिथेच खांबाला टेकला. मागच्या रविवारी बायको घरात असून ती गेलेली होती. आता ती घरात नव्हती आणि आलेली होती. या मंडळीत तिचा आणि घराचा मेळ काही बसेना. शेवटी त्यानं एकट्यानंच स्कूटर काढली.

मेव्हणीचं पार्लर होतं आणि मागच्या बाजूला घर. ती एका बाईचे केस धूत होती. फ्रिजवाल्याला बघून तिनं नळ बंद केला, पण नेहमीसारखा टोमणा काही मारला नाही. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, "आत आहे."

बायको आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. बाहेर जायची चांगली साडी नेसली होती, केस विंचरलेले होते. पलंगावर बॅग उघडी पडली होती आणि तिच्यातले कपडे काढून ती एकेक करून घडी घालत होती.

"अगं, तू तयार होतीस?" फ्रिजवाल्याला आनंद आवरेना. "चल, चल! मी आलोच आहे न्यायला."

"निघालेच होते," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "म्हटलं, जाऊ दे. माणूस भित्रा आहे, वाईट नाही. उपाशी बसला असेल. रिक्षापण बोलावली होती. तेवढ्यात शिंपीणबाईचा फोन आला, की फोनवर उपासना लाव, तुझा नवरा उभा राहिलाय."

बॅगेकडे पुढे केलेला हात फ्रिजवाल्यानं मागे घेतला.

"मला वाटलं, आता सांगतील. खरंच सांगते, मी देवाला हात जोडले होते. म्हटलं, एवढ्या माणसांसमोर एकदा म्हणू दे, की ती कुठे गेलीच नव्हती. मग बघितलं, तर ती काल संध्याकाळीच आली म्हणे."

"अगं, माईक होता गं तोंडासमोर..."

"रडत आली म्हणे. माझं चुकलं म्हणाली म्हणे." तिनं साडीची घडी हातानं दाबून सपाट केली. "बरी आहे की हो ती. तुम्हाला अशीच हवी होती. तिलाच ठेवा."

तो बराच वेळ बोलत राहिला. ती घड्या घालत राहिली. शेवटी तिनं मोकळी बॅग उचलून पलंगाखाली सारली आणि बहिणीला हातभार लावायला बाहेर पार्लरमध्ये निघून गेली.

फ्रिजवाला घरी पोचला तर जिन्यात मंडळी जमली होती. पुढे फुलांचा गुच्छ घेऊन सेक्रेटरी, मागे गाणाऱ्या बायका. नवीन प्रेषितांनी त्यांना ताईंना आशीर्वाद द्यायला पाठवलं होतं. सगळे कुलूप लावलेल्या दारासमोर हसतमुखानं उभे होते.

"ताई कुठायत?" एका बाईनं विचारलं.

फ्रिजवाल्यानं कुलूप काढलं. आता खोटं बोलायला त्याच्यात जीवच उरला नव्हता.

"गेली," तो म्हणाला. "कायमची गेली. मी साक्ष दिली तेव्हा गेली."

सेक्रेटरींनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"गेली? सोडून?"

"हो."

"बघा!" सेक्रेटरी मंडळीकडे वळले. "आठवडाभर आधी सांगितलं होतं संदेष्ट्यांनी, की याची बायको याला सोडून गेलीय म्हणून! यालाच पटत नव्हतं. मला जिन्यात गाठून म्हणाला होता, घोटाळा झालाय!"

मागच्या बायकांच्या तोंडून नकळत हालेलुया निघालं.

"ब्रदर, धीर सोडू नका," सेक्रेटरी गुच्छ त्याच्या हातात कोंबत म्हणाले. "शब्द निम्मा तर खरा झाला. आता पुढच्या रविवारी उभं राहून एवढंच सांगा, की ती गेली."

फ्रिजवाल्यानं गुच्छ दाराबाहेर ठेवला, आत गेला आणि कडी लावून घेतली. बाहेर मंडळी जिन्यातच गुडघ्यांवर बसली, आणि या भावाचा विश्वास कुठेतरी कमी पडलाय, तो वाढव म्हणून मोठ्या आवाजात प्रार्थना करू लागली.